बौद्ध तरुण आणि कुंग फू : सराव कशासाठी, प्रदर्शन कशासाठी?

(वर्षावास समाप्तीच्या निमित्ताने टोकावडे येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस वंदन करून आम्ही आजच्या विषयाला हात घालतो. कार्यक्रम पत्रिकेवर ‘कुंग फू’ हा शब्द वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या, हे आमच्या कानावर आले आहे. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. विहाराच्या अंगणात पहाटे साडेपाच वाजता वीस-बावीस मुले-मुली गुडघे वाकवून, मुठी कमरेशी घेऊन उभी राहतात आणि शेजारच्या घरात आजी त्रिसरण म्हणत असते, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटणारच. एका आजोबांनी तर आम्हाला तोंडावरच विचारले, “बुद्धाच्या दारात मारामारी शिकवता, लाज नाही वाटत?” त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या आजोबांना उशिराने दिलेले उत्तर आहे असे समजावे. उत्तर पूर्णपणे आमच्या बाजूचे नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. ‘कुंग फू’ याचा मूळ चिनी अर्थ मारामारी असा नाहीच. कष्टाने आणि काळाने अंगी येणारे कसब, एवढाच त्याचा अर्थ. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे कुंग फू असते, चांगल्या सुताराकडे असते, सुंदर अक्षर काढणाऱ्याकडेही असते. भात लावणीला वाकलेली आपली आई दिवसभर एका लयीत मूठ-मूठ रोप चिखलात खोचत जाते आणि ओळ वाकडी होत नाही, तिलाही चिनी माणूस हाच शब्द लावील. सिनेमाने तो शब्द लाथाबुक्क्यांना चिकटवला.

दुसरा शब्द ‘फॉर्म’. कराटेच्या वर्गात त्याला काता म्हणतात. आपल्याकडे जुन्या तालमीत पट्ट्याचे ‘हात’ म्हणत, शाळेत आपण लेझमीचे हात शिकलो, आठ आवाज, दहा आवाज, बैठक. तेच हे. समोर प्रतिस्पर्धी नसताना, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पवित्र्यात केलेल्या हालचालींची माळ. पुस्तके दुर्मीळ आणि वाचता येणारी माणसे त्याहून दुर्मीळ, अशा समाजाने आपली विद्या शरीरातच लिहून ठेवण्याची ही युक्ती होती. शिकवणारा मेला तरी हात राहतो. निरक्षर माणसाचे ग्रंथालय त्याच्या अंगात असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आम्ही जे हात शिकलो आणि शिकवतो ते दक्षिण चीनचे, म्हणजे मुख्यतः क्वांगतुंग प्रांताचे. चीनमध्ये एक म्हण आहे, दक्षिणेची मूठ आणि उत्तरेची लाथ. उत्तरेकडच्या हातांत उड्या, लांब झेपा, उंच लाथा असतात. दक्षिणेकडे पाय जमिनीत रोवलेले, पवित्रा खोल, लाथ क्वचित आणि खालच्या अंगाला, सारे काम हातांचे. ‘हुंग गार’ या घराण्यात नवा विद्यार्थी महिनोन्महिने नुसता घोड्याचा पवित्रा धरून उभा राहतो. मांड्या थरथरतात, घाम पाठीवरून ओघळतो, आणि मुलगा मनात म्हणतो, सर फी घेऊन उभे राहायला शिकवतात! (आम्ही फी घेत नाही, हा भाग वेगळा.) या घराण्याचा पहिला मोठा हात ‘वाघाला नमवण्याचा हात’. त्यातल्या पावलांची वाट ‘工’ अशा आकाराच्या चिनी अक्षरावर चालते, म्हणजे वर एक आडवी रेघ, खाली एक आणि मध्ये उभी. पुढे वाघ आणि बगळा यांचा जोडहात येतो आणि शेवटी ‘लोखंडी तार’, ज्यात वेग जवळजवळ नसतोच; श्वास, आवाज आणि ताण एवढेच.

‘विंग चुन’ हे दुसरे घराणे. ब्रूस लीचे गुरू इप मान (१८९३–१९७२) या घराण्याचे. यातला पहिला हात ‘सिउ निम ताउ’. संपूर्ण हातात पाय जागचे हलत नाहीत. सुरुवातीचा भाग अत्यंत संथ. एक तळहात छातीसमोरून इंचाइंचाने पुढे जातो, परत येतो, पुन्हा जातो. या भागाला जुन्या लोकांनी नाव दिले आहे ‘तीन वेळा बुद्धाला वंदन’. आम्ही जेव्हा हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा अंगावर रोमांच आले, हे कबूल करतो. ‘निम’ म्हणजे विचार, पण चिनी भाषांतरकारांनी आर्य अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक स्मृती’ या शब्दासाठी हेच अक्षर वापरले आहे. याचा अर्थ तो हात रचणाऱ्याने सतिपट्ठान समोर ठेवून रचला, असे आम्ही म्हणणार नाही; ‘निम ताउ’ हा बोलीतला साधा शब्दही आहे. पण महासतिपट्ठान सुत्तात हात आखडताना, पसरताना, चालताना, उभे राहताना जाणीव ठेवण्यास सांगितले आहे, आणि हा हात करताना दुसरे काही करताच येत नाही. मन भटकले की कोपर बाहेर जाते. समोर उभ्या शिक्षकाला मुलाचे मन कोपरात दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी आमचे विद्यार्थी या वर्गाला आले त्या गोष्टीकडे वळू. विद्यार्थी म्हणतात, सर, कुंग फू आपलेच ना? बोधिधम्म नावाचा भारतीय भिक्खू चीनला गेला, शाओलिन विहारात त्याने भिक्खूंना व्यायाम शिकवला, त्यातून कुंग फू निर्माण झाले. मोबाईलवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत. जयंतीच्या भाषणांतही हे आम्ही ऐकले आहे आणि टाळ्या पडलेल्या पाहिल्या आहेत. बंधूंनो, कालाम सुत्त भिंतीवर लावायचे आणि टाळ्यांच्या वेळी विसरायचे, हे बरोबर नाही. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला माणूस बोलला म्हणून मानू नका, असे ज्यांनी सांगितले त्यांचे आपण अनुयायी. तेव्हा ही गोष्ट तपासू.

शाओलिन विहार उत्तर चीनमध्ये, होनान प्रांतातील सुंग पर्वतावर इ.स. ४९५ च्या सुमारास उभा राहिला. तो ज्यांच्यासाठी बांधला ते भिक्खू खरोखरच भारतीय होते. चिनी ग्रंथ त्यांना ‘बातुओ’ म्हणतात. बोधिधम्मांचा उल्लेख असलेला सर्वांत जुना ग्रंथ इ.स. ५४७ चा, त्यात मुष्टियुद्धाचे नाव नाही. ज्या ‘स्नायू पालटण्याच्या ग्रंथा’वर ही सारी कथा उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधम्मांनंतर हजारेक वर्षांनी लिहून त्यांच्या नावावर टाकलेला. तांग हाव या चिनी संशोधकाने हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले. दुसऱ्या बाजूला पक्का पुरावा काय सांगतो? इ.स. ६२१ मध्ये शाओलिनच्या भिक्खूंनी पुढे तांग सम्राट झालेल्या राजपुत्राला लढाईत मदत केली आणि इ.स. ७२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. सोळाव्या शतकात हे भिक्खू समुद्री चाच्यांशी लढले. त्यांची ख्याती होती काठीची, मुठीची नव्हे. मुष्टियुद्ध तेथे नंतर भरभराटीला आले.

म्हणजे शाओलिनला भारताने काय दिले? बुद्धाचा धम्म दिला, विनय दिला, ध्यान दिले. ते कमी आहे काय? कुंग फूही आम्हीच दिले असा हट्ट धरण्याची आम्हाला गरज वाटत नाही. जी मेहनत चिनी शेतकऱ्याने, हमालाने, खाटकाने केली ती आपल्या खात्यावर जमा करणे म्हणजे, आपल्या पूर्वजांची मेहनत ज्यांनी शतकानुशतके स्वतःच्या खात्यावर जमा केली त्यांच्यासारखेच वागणे झाले.

दक्षिण शाओलिनचीही अशीच कथा आहे. फूक्येन प्रांतात दुसरा शाओलिन विहार होता, मांचू बादशहाने तो जाळला, पाच गुरू निसटले आणि त्यांनी दक्षिणेतील घराणी स्थापन केली, असे जवळपास प्रत्येक वर्गात सांगतात. ही कथा अठराव्या शतकात निघालेल्या ‘स्वर्ग-पृथ्वी मंडळी’ या गुप्त संघटनेच्या परंपरेतून पसरली. फूक्येनमधली तीन-तीन गावे आज तो मान सांगतात, पण अशा आगीचा निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. मग ही कथा टिकली का? आमचे मत असे की, ती सत्तेपुढे हरलेल्या माणसांची कथा आहे. घर जळाले, ग्रंथ जळाले, पण अंगातली विद्या जाळता आली नाही, हे ऐकायला कोणत्या दडपलेल्या समाजाला आवडणार नाही? इतिहास म्हणून ती नाकारावी आणि माणसांचे मन म्हणून ती ऐकावी.

या कथेवरचा एक चित्रपट आमच्या पिढीने व्हिडिओ सेंटरवर, दोन रुपये देऊन, गोणपाटावर बसून पाहिला. १९७८ सालचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’. दिग्दर्शक लाउ कार-लिउंग. त्यांचे वडील लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे क्वांगतुंगचे विख्यात वाँग फेइ-हुंग (१८४७–१९२५) यांचे शिष्य. म्हणजे पडद्यावर आम्ही पोरे जे पाहत होतो ते बरेचसे खरे घराणेदार हात होते, हे आम्हाला फार पुढे कळले. त्या चित्रपटात विहाराला पस्तीस दालने आहेत. प्रत्येक दालनात एकेक विद्या, आणि सारी दालने बाहेरच्या माणसाला बंद. नायक सान ते सर्व दालने पार करतो. कोणते दालन सांभाळायला हवे असे विचारल्यावर तो म्हणतो, मला छत्तिसावे दालन हवे, जेथे बाहेरच्या सामान्य, पिडलेल्या माणसाला ही विद्या शिकवता येईल. विहाराचे वरिष्ठ त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढतात, पण ती शिक्षाच त्याला हवी असलेली परवानगी असते. विद्येच्या बंद दाराबाहेर उभे राहण्याचा अर्थ ज्यांच्या आजोबांना ठाऊक होता, त्या पोरांनी तो चित्रपट कसा पाहिला असेल हे आम्ही सांगायला नको. लढाया आम्ही विसरलो. ते छत्तिसावे दालन आठवते.

आणि योगायोग असा की, ज्या चिनी मुलखाचे हे हात, त्या मुलखातली माणसे आपल्या मुंबईत राहून गेली आहेत. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जवळ, नवाब टँक रस्त्यावर ‘सी यूप’ देऊळ आहे. १९१९ साली ते चिनी खलाशांच्या व कारागिरांच्या समाजाने बांधले. सी यूप म्हणजे क्वांगतुंगमधील चार तालुके. खालच्या मजल्यावर क्वान यिन आहे, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, जो कान्हेरीच्या एकेचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा कोरलेला आहे. चीनमध्ये गेल्यावर तो स्त्रीरूप झाला. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला सेनापती, ज्याची तसबीर दक्षिण चीनच्या तालमींत हमखास टांगलेली असते. आपल्या तालुक्यांतून गोदीत आणि गिरणीत गेलेल्या माणसांना चिनी दंतवैद्य, चिनी चांभार पाहून ठाऊक होते. १९६२ च्या युद्धानंतर या समाजावर संशयाची वेळ आली. देशभरातील चिनी कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळी येथील छावणीत ठेवले गेले, पुष्कळजण देश सोडून गेले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही केवळ जन्मावरून माणूस परका ठरतो, याचे हे एक उदाहरण, आणि ते आपण तरी विसरू नये.

त्या चार तालुक्यांपैकी एक सुन वुइ. तेथील किंग मुइ या गावच्या चान हेउंग यांनी १८३६ साली एक घराणे स्थापन केले, ‘चोय ली फुत’. चोय आणि ली ही त्यांच्या गुरूंची आडनावे. आणि ‘फुत’ म्हणजे बुद्ध. गुरूंची नावे आणि बुद्धाचे नाव एका ओळीत ठेवून त्यांनी आपल्या विद्येचे नाव बांधले, स्वतःचे नाव त्यात घातले नाही.

आता आपल्या घरी येऊ. कुणी विचारील, चिनी कशाला, आपले नव्हते का? होते. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांची पुण्याच्या गंज पेठेतील तालीम आपल्याला माहीत असायला हवी. मातंग समाजातील या वस्तादाकडे जोतीराव फुले यांनी दांडपट्टा आणि निशाणबाजीचे धडे घेतले. पुढे मुलींच्या शाळेवर शेणगोटे पडू लागले तेव्हा या तालमीतली माणसे जोतीरावांच्या पाठीशी होती. १९२७ चा महाड सत्याग्रह आणि त्याच काळात उभे राहिलेले समता सैनिक दल यांची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. हातात लाठी, अंगात गणवेश आणि मनात शिस्त. महाडला मार खाऊन परतताना बाबासाहेबांच्या माणसांनी उलट हात उगारला नाही, तो हातात बळ नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्यात पलटणीतले पेन्शनर होते. बाबासाहेबांनी शांत राहा असे सांगितले म्हणून ते शांत राहिले. आम्हाला कुंग फूच्या शंभर हातांपेक्षा तो आवरलेला एक हात मोठा वाटतो.

पण दांडपट्टा शिकवणारा वस्ताद आमच्या भागात आम्हाला मिळाला नाही आणि मुंबईत नोकरीच्या काळात दक्षिण चिनी हात शिकवणारे गुरू मिळाले, म्हणून आम्ही ते शिकलो. जे मिळाले ते घेतले. कोणी खराखुरा पट्टेकरी आणून दिला तर आम्ही स्वतः मुलांच्या रांगेत मागे उभे राहू.

आता त्या आजोबांचा मूळ प्रश्न. बुद्धाच्या दारात हे चालते का? दीघ निकायातील पहिल्याच ब्रह्मजाल सुत्तात, काही श्रमण-ब्राह्मण जे खेळ-तमाशे पाहत बसतात त्यांची यादी आहे. त्यात दंडयुद्ध आहे, मुष्टियुद्ध आहे, कुस्तीही आहे, आणि तथागत यांपासून दूर राहतात असे तेथे सांगितले आहे. ही गोष्ट आम्ही लपवणार नाही. अष्टशिलातही नृत्य, गीत, वाद्य आणि खेळ-तमाशे पाहणे वर्ज्य आहे. म्हणून पौर्णिमेला, उपासक-उपासिका अष्टशील घेतात त्या दिवशी, अंगणात वर्ग भरत नाही, प्रदर्शन तर नाहीच. मात्र गृहस्थाने शरीर कमवू नये, संकटात स्वतःचे आणि दुबळ्याचे रक्षण करू नये, असा अर्थ यातून निघत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो. शाक्य संघ कोलियांवर युद्ध पुकारायला निघाला आणि सिद्धार्थ भर सभेत उठून विरोध करतो. तो शस्त्रविद्या न येणारा भित्रा तरुण नव्हता. धनुर्विद्या शिकलेला क्षत्रिय कुमार युद्धाला नको म्हणतो, तेव्हा त्या नकाराला वजन येते. ज्याला मूठ आवळता येत नाही त्याने मूठ उघडली तर जग त्याला क्षमाशील म्हणत नाही.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो प्रदर्शनाचा, आणि येथे आजोबा आमच्यापेक्षा शहाणे ठरले.

दक्षिण चीनमध्येही या हातांचे प्रदर्शन नेहमी होत आले आहे. नववर्षाला सिंहाचे मुखवटे घेऊन नाचणारी पोरे ही तालमीचीच पोरे असतात. घोड्याचा पवित्रा पक्का नसेल तर सिंहाचे डोके घेऊन पाच मिनिटे नाचता येत नाही. वाँग फेइ-हुंग लहानपणी वडिलांबरोबर रस्त्यावर हात करून दाखवीत आणि औषधे विकीत, असे सांगतात. त्यांचे शिष्य लाम साय-विंग डुकराचे मांस विकणारे खाटीक. त्यांनी आपल्या घराण्याचे हात चित्रांसह पुस्तकरूपाने छापून सर्वांना खुले केले. वाँग यांच्या पत्नी मोक क्वाय-लान यांनी पतीच्या पश्चात हाँगकाँगमध्ये वर्ग चालवला, म्हातारपणीही त्या हात करून दाखवीत. आणि क्वांगतुंगचे नाटकवाले! लाल रंगाच्या होड्यांतून गावोगाव फिरणारी ही मंडळी रंगभूमीवर खऱ्या दक्षिणी मुठी दाखवीत. १८५४ साली ली वन-माव नावाच्या नटाने या नाटकवाल्यांचीच फौज उभारून मांचू सत्तेविरुद्ध बंड केले; सरकारने फॉशानमधील त्यांचे मंडळगृह जाळले आणि त्यांच्या नाटकावर कित्येक वर्षे बंदी घातली. आंबेडकरी जलशांची परंपरा सांगणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. भीमराव कर्डकांच्या जलशानेही करमणुकीच्या फडावरून समाजाला जागे केले. प्रदर्शन म्हणजे नेहमी थिल्लरपणा असे नाही.

पण आम्ही थिल्लरपणा केला. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीपुढे आमच्या मुलांचे प्रात्यक्षिक ठेवले. हात करायला दहा मिनिटे मागितली तर दोन मिळाली. लोकांना संथ पवित्रा पाहायचा नव्हता. कुणीतरी ओरडले, “काहीतरी फोडून दाखवा!” आणि आम्ही, ज्यांनी फोडाफोडी कधी शिकवली नव्हती, त्यांनी एका मुलाला मंगलोरी कौलांची चवड फोडायला उभे केले. पाच कौले होती, कुणीतरी उत्साहाने आणखी तीन ठेवली. आम्ही पाहिले आणि अडवले नाही. टाळ्या सुरू होत्या. त्या मुलाच्या मनगटाचे हाड मोडले. वीटभट्टीचा हंगाम चालू होता, घरात तोच एक कमावता. दीड महिना हात प्लास्टरमध्ये आणि मजुरी बुडाली. त्याची आई आमच्या दारात आली, भांडली नाही, फक्त म्हणाली, “सर, तुम्ही तर त्याला श्वास घ्यायला शिकवता म्हणत होता.” वर्गातर्फे आम्ही जे देता आले ते दिले. परंतु त्या वाक्याची भरपाई आम्हाला अजून करता आलेली नाही.

त्यानंतर महिनाभर वर्ग बंद होता. पुन्हा सुरू झाला तो त्याच मुलामुळे. प्लास्टर निघाल्यावर एका पहाटे तो अंगणात येऊन एकटाच ‘सिउ निम ताउ’ करीत उभा होता, अगदी सावकाश, दुखरे मनगट कुठवर वळते ते पाहत. प्रेक्षक कुणी नव्हते. आम्ही कुंपणाबाहेर थांबलो. हाताची ती पहिली संथ तीन वंदने आम्ही शेकडो वेळा केली होती, पण त्या दिवशी तो हात मोडलेल्या माणसासाठी किती उपयोगाचा आहे हे दिसले. दक्षिण चीनमधील बहुतेक जुने गुरू हाडवैद होते. वाँग फेइ-हुंग यांचा दवाखानाच होता. मोडणे आणि जोडणे एकाच घरात शिकवले जाई. आम्ही मोडण्याचे तेवढे उचलले होते.

तेव्हापासून काही गोष्टी ठरल्या. कौले, फरशी, ट्यूबलाईट फोडणे नाही. आगीची रिंगणे नाहीत. डीजेपुढे प्रात्यक्षिक नाही. जयंतीला विहाराच्या अंगणात, वंदनेनंतर, ढोलकीच्या साध्या ठेक्यावर किंवा ठेक्याविनाही मुले पूर्ण हात करतील, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत. ज्यांना वेळ आहे त्यांनी पाहावे. पहिला मान मुलींचा. हे शेवटचे कलम काही मंडळींना रुचले नाही. पण वस्तुस्थिती अशी की पहाटेच्या वर्गात सर्वांत नियमित मुलीच येतात. मुरबाडला कॉलेजला जाण्याआधी, हंडाभर पाणी भरून, काहीजणी तर पावसात एक-दोन किलोमीटर चालत. माळशेजकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या पावसाळ्यात कशा जातात आणि काय काय ओरडत जातात, हे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलीला विचारा. एकीने आम्हाला सांगितले, “सर, मी कुणाला मारले नाही. पण आता मान खाली घालून चालत नाही.” एका वर्षाच्या घोड्याच्या पवित्र्याने एवढे झाले तर आम्हाला आणखी काही नको.

याच रस्त्याने पुढे वैशाखरे आणि तेथून नाणेघाट. सोपारा आणि कल्याण बंदरांतून जुन्नरकडे जाणारी वाट ती हीच. सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख आणि १८८२ साली उत्खनन झालेला स्तूप. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत. घाटावर जुन्नरची लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी काठी आणि भिक्षापात्र घेऊन भिक्खू या वाटेने चालत गेले असतील. समुद्रापार चीनला पोहोचलेल्यांपैकी कुणी या वाटेने आले होते काय, हे सांगता येणार नाही, आणि टाळ्यांसाठी तसे सांगणार नाही. पण चढ तोच आहे. घाट चढणाऱ्याला पाय रोवावे लागतात आणि श्वास सांभाळावा लागतो.

आजोबा समोर बसले आहेत. त्यांना विनंती एवढीच की एक दिवस पहाटे अंगणात यावे. खुर्ची ठेवतो. मुले पहिला हात करीत असताना अर्धा तास काही बोलू नये, फक्त पाहावे, आणि नंतर जे वाटेल ते तोंडावर सांगावे. वर्ग सोमवार ते शनिवार, साडेपाच ते साडेसहा, पौर्णिमेला बंद. येणाऱ्याने पाण्याची बाटली आणावी आणि अंगण झाडायला पाच मिनिटे आधी यावे. झाडू तेथेच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!